गंज आलाय तो कपाटातून

पत्र : काका, आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. सासऱ्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक त्यांच्या मागे माझ्या मिस्टरांच्या नावावर झाली, लायसन रीतसर आहे. सासरे रोज रात्री ती घेऊन बागेत चक्कर मारायचे. आता ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला पूजेपुरती निघते. एरवी चामड्याच्या पेटीत, स्टोअरमधल्या लाकडी कपाटात असते. यंदा दसऱ्याआधी काढली तर नळ्यांवर तांबूस ठिपके, पुढचं लाकूड उतरवलं तर खाली गंजाचा पट्टा, आत डोकावलं तर काळपट-लाल. पेटीला बुरशी. पावसाळ्याआधी मिस्टरांनी भरपूर खोबरेल लावलं होतं, तरी असं कसं झालं? मिस्टर पॉलिश पेपर आणायला निघालेत. शेजारच्या काकू म्हणतात चिंच लावा. दीर म्हणतो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्यात क्रोम करून आणू. मिस्टरांचे एक मित्र म्हणतात गंजू द्या, खराब झाली की लायसनची कटकटच संपेल. सासूबाई कोणालाच हात लावू देत नाहीत. कपाटात ओल धरू नये म्हणून मी ग्रेप गार्डचे उरलेले कागदसुद्धा ठेवले होते. काय करावं? आणि एक विचारते, विकून टाकली तर बरं का?
– एक वाचक, निफाड तालुका

ताई, मिस्टर दुकानात पोचायच्या आत त्यांना फोन करा आणि परत बोलवा. चिंच आमटीत घाला. क्रोमचा विषय बंद. सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत, हे या घडीला तुमच्या घरातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम चाललंय. गंज दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. आयुष्यभर आर्मररचं, म्हणजे बंदुकांच्या दुरुस्तीचं काम केलं, त्यात खराब झालेल्या जुन्या बंदुका भरपूर पाहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा गंजाने नव्हे, गंज काढणाऱ्यांनी खराब केलेल्या होत्या.

गंज काढण्याचं पुढे सांगतोच. आधी तो आला कुठून ते पाहू, कारण त्याचं उत्तर तुम्ही पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहून टाकलंय. ग्रेप गार्ड.

तो कागद ओल ओढून घेत नाही. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. त्याला हवेतली ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, आणि त्या वायूमुळे पेटीतल्या द्राक्षांना बुरशी धरत नाही. निर्यातीच्या पेटीत घडांवर तो ठेवतात तो याचसाठी. तुम्ही तो पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलात. दमट हवा आत गेली, कागदाने वायू सोडला, वायू ओलीत मिसळून आम्ल झालं आणि ते लोखंडावर बसलं. कपाट उघडल्यावर जळलेल्या काडेपेटीसारखा उग्र वास आला असेल तर तो हाच. तुमचा हेतू चांगला होता, पण वस्तू नेमकी उलट निघाली. ते कागद हे वाचून झाल्यावर लगेच बाहेर काढा, काढताना खिडकी उघडी ठेवा आणि तोंड कपाटात घालू नका.

दुसरं, तुमचं स्टोअर. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बागायतदाराच्या घरी स्टोअर म्हणजे फवारणीच्या औषधांचीच खोली असते. भुरी रोगासाठी आणलेलं गंधक, बोर्डो मिश्रणासाठीचं मोरचूद आणि कोपऱ्यात खतांच्या दोन-चार उघड्या गोण्या. मोरचूद आणि लोखंड यांचं वैर शाळेच्या प्रयोगशाळेतच दाखवतात. मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकला की त्यावर तांबं चढतं आणि तेवढं लोखंड पाण्यात उतरतं. तुमच्या बंदुकीवर हेच उडत्या धुळीच्या कणाकणाने होतं. खतांमधले क्षार तर हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतात. असा कण नळीवर बसला की त्याच्याभोवती ओलीचं बारीक टिपूस कायम राहतं. छाटणी झाली, फवारण्या सुरू झाल्या की या खोलीचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं. या खोलीत बंदूक कशीही ठेवली, अगदी तेल चोपडून ठेवली, तरी ती गंजणारच होती. तिला घरात हलवा. आज जमलं तर आजच.

तिसरी ती चामड्याची पेटी. दिसायला देखणी, प्रवासाला उत्तम, आणि बंदूक कायमची ठेवायला अगदी वाईट. चामडं कमावताना त्यात आम्लं आणि क्षार राहतात, आणि ते पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं. आत बनातीचं अस्तर असेल तर तीही ओल धरते. मग ते सगळं तुम्ही नळ्यांना चिकटवून, बकल लावून, चार महिने बंद करून ठेवता. स्पंजच्या पेट्याही याच जातीच्या. पेटीची बुरशी उन्हात वाळवून ब्रशने झटकून टाका. पेटी सासऱ्यांची आठवण म्हणून ठेवा, पण रिकामी.

आता खोबरेल. "भरपूर लावलं होतं तरी असं कसं" हा प्रश्न मला अनेक घरांतून येतो. वडील लावायचे, आजोबा लावायचे, त्यांच्या बंदुका तर लखलखीत असायच्या. खरंच असायच्या. पण तुमचे सासरे बंदूक रोज रात्री हातात घेत होते, सकाळी परत ठेवताना पुसत होते. रोजच्या पुसण्याने बंदूक वाचत होती, नाव तेलाचं होत होतं. खोबरेल ओल आणि उष्णतेत हळूहळू खवट होतं. खवट तेलात आम्ल तयार होतं आणि ते पितळेला हिरवं करतं, लोखंडालाही सोडत नाही. शिवाय साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगायची? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात असतो. त्या थंडीत खोबरेलाचे पांढरे गोळे होतात, मधली जागा उघडी पडते आणि वर धूळ चिकटते. मोहरीचं, शेंगदाण्याचं, साजूक तूप, खवट होण्यात सगळ्यांचं तेच. खाण्याचं तेल बंदुकीला नाही.

एक गोष्ट सांगू का नको असं झालं होतं, पण सांगतो. खंडेनवमीला बंदुकीला कुंकू लावता ना? ओल्या बोटाने लावलेलं कुंकू, त्यावर अक्षता, झेंडूची दोन फुलं, वर थोडं पाणी शिंपडलेलं. पूजा झाली की बंदूक तशीच पेटीत जाते, कारण देवाचं कुंकू कोण पुसणार? माझ्याकडे नळीवर अगदी बोटाएवढा गोल खड्डा पडलेल्या बंदुका आल्या आहेत. पूजा जरूर करा. कुंकू लाकडी दस्त्याला लावा, फुलं शेजारी तबकात ठेवा, आणि संध्याकाळी सगळं पुसून तेलाचा हात फिरवून मगच ठेवा. शस्त्राची निगा राखणं पूजेत बसत नाही असं कोणी म्हणेल असं वाटत नाही.

आता साफसफाई. परवाना मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणून हे काम त्यांनीच करायचं, तुम्ही मदत केलीत तर ती त्यांच्या समोर. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग बंदूक मधल्या सांध्यात वाकवून उघडून दोन्ही नळ्यांची मागची तोंडं उजेडात, डोळ्यांनी बघायची, आणि करंगळी घालून चाचपायची. वर्षभर हात लावला नाही म्हणून रिकामीच असणार, हे गृहीत धरायचं नाही. बंदूक गंजाने उघडतच नसेल, किंवा आत जुनं काडतूस अडकलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. गुडघ्यावर आपटून, हातोडीने ठोकून उघडू नका. तशीच परवानाधारक कारागिराकडे न्या.

रिकामी आहे याची खात्री झाली की पुढचं लाकूड, नळ्या आणि दस्ता असे तीन भाग सुटे करा. याला कुठलंही हत्यार लागत नाही. याच्या पुढे एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा फार अरुंद असतात. घरातल्या पेचकसाने त्या एका फेरीत फाटतात आणि मग कारागीरही शिव्या देतो.

शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, जुन्या सुती बनियनची चिंदी घ्या, आणि ठिपक्यांवर तेल लावून नळ्या एक रात्र तशाच ठेवा. सकाळी फक्त चिंदीने चोळा. वरवरचा गंज इतक्यानेच तपकिरी होऊन निघून येतो, बऱ्याच जणांना पुढे काही करावंच लागत नाही. राहिलेल्या ठिपक्यांसाठी तुमच्या देवघरात किंवा सासूबाईंच्या डब्यात जुना तांब्याचा पैसा सापडेल, तो घ्या. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं. तेलाच्या थराखाली पैशाची कड हलक्या हाताने फिरवली तर गंजाचा फुगवटा निघतो आणि खालच्या धातूला ओरखडा जात नाही. पैसा नसेल तर नाशकात भांडी बाजारात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा कोणीही देईल. फार चिवट ठिपका असेल तर सगळ्यांत बारीक, चार शून्य नंबरचं स्टील वूल तेलात भिजवून, बोटाच्या टोकाने, तेवढ्याच जागेवर. भांडी घासायची तारेची घासणी किंवा तो हिरवा स्क्रबर मात्र नाही. त्या हिरव्यात धार लावायच्या दगडातलाच चुरा असतो.

नळीच्या आतल्यासाठी बारा बोअरचा ब्राँझचा ब्रश आणि जोडायचा गज बंदुकीच्या दुकानात मिळतो. नेहमी मागून, काडतूस बसतं त्या बाजूने घाला आणि पुढच्या तोंडातून काढा. तेल लावून ब्रश, मग कोरड्या चिंद्या, त्या स्वच्छ निघेपर्यंत. तुम्ही म्हणता ते काळपट-लाल सगळंच गंज नसेल. जुन्या बाराची काजळी आणि छऱ्यांचं शिसंही असतं. साफ झाल्यावर नळी खिडकीकडे धरून पलीकडे पांढरा कागद ठेवून बघा. नुसती मंद छटा दिसली तर काळजी नाही. खड्डे दिसले, किंवा प्रकाशाच्या वर्तुळात कुठे फुगीर सावली दिसली, तर कारागिराने मोजून सांगेपर्यंत त्यातून एकही बार काढायचा नाही. या नळ्या मागे जाड असतात, पण पुढे भिंत एका मिलिमीटरच्या आसपास येते. त्यात खड्ड्याने किती खाल्लंय हे डोळ्याला कळत नाही.

सगळ्यांत जास्त काळजी पुढच्या लाकडाखालच्या गंजाच्या पट्ट्याची. तिथे घाम, पाऊस, धूळ सगळं शिरतं आणि तिकडे कोणी बघत नाही. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी शिशा-कथलाच्या मऊ डाकाने बसवलेली असते. तो डाक कुठे सुटला तर पाणी आत जातं, आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरून काहीही न दिसता गंज चालू राहतो. हे ओळखायची जुनी युक्ती आहे. सुट्या केलेल्या नळ्या खालच्या आकड्यात जाड दोरा अडकवून हवेत टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. मडकं घेताना टिचकी मारतो तसंच हे. खणखणीत, लांबत जाणारा नाद आला तर जोड पक्का. भदाडा, बसका आवाज आला तर पट्टी सुटलीय. सासूबाईंसमोर करा हे, त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

आता पॉलिश पेपर, चिंच आणि क्रोम यांना नाही का म्हटलं ते सांगायला हवं, नाहीतर मिस्टर मला न सांगता करतील. तुमच्या नळ्यांवरचा तो निळसर-काळा रंग म्हणजे रंग नव्हे. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, पण काळा, घट्ट बसलेला. जुन्या दुनळीच्या नळ्या कारागीर मुद्दाम गंजू देत. वर लाल गंजाची पातळ साय आली की नळ्या पाण्यात उकळत. उकळल्यावर लालचा काळा होतो. मग वरची भुकटी ब्रशने झाडायची, पुन्हा गंजू द्यायचं, पुन्हा उकळायचं. असे अनेक फेरे झाले की तो गडद रंग चढतो. थोडक्यात, ज्याला तुम्ही रंग म्हणता तो गंजाचाच एक भाऊ, पण घर राखणारा. लाल गंज मात्र सच्छिद्र असतो, फुगतो, आत ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो.

चिंचेचं आम्ल यांच्यात भेद करत नाही. पितळेच्या घागरीला ती लावता तेव्हा वरचा थर जातो आणि खालून चकाकी येते. इथेही वरचा थर जाईल, लाल आणि काळा दोन्ही, आणि खालून उघडं करडं पोलाद येईल. त्यावर पहिल्या दमट रात्रीत पुन्हा गंज. व्हिनेगर, कोल्ड्रिंक, हार्डवेअरच्या दुकानातलं गंज काढायचं द्रावण, सगळ्यांचं हेच. पॉलिश पेपर तर काळा थर नेतोच, शिवाय त्याखालचं लोखंड नेतो, आणि नळीवर किंवा अॅक्शनवर, म्हणजे नळ्यांमागच्या यंत्रणेवर ठोकलेला नंबर पुसट करतो. हा नंबर फार महत्त्वाचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीवरचं नाव, नंबर, ओळखखूण पुसणं हा गुन्हा आहे. परवाना तपासायला आलेल्या साहेबाला "गंज काढत होतो हो" हे पटवून देत बसायची वेळ येऊ देऊ नका.

क्रोमचं अजून वाईट. प्लेटिंगच्या आधी माल आम्लात बुडवतात. ते आम्ल दोन नळ्यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि तिथून बाहेर येत नाही. काही जण गरम टाकीतलं ब्लूइंग, म्हणजे निळा-काळा थर चढवणं, सुचवतील. त्या टाकीत कॉस्टिकचं द्रावण १४० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि ते मऊ डाक खातं. एकनळीला चालतं, दुनळीला कधीच नाही. पट्टी सुटून हातात येईल. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी बंदुकीची दुरुस्ती करायला कायद्याने परवाना लागतो. अंबडच्या कारखान्यात दिराचा मित्र कितीही जिगरी असला तरी त्याच्याकडे तो नसणार. दोघंही अडकतील.

लायसनची कटकट गंजाने संपेल म्हणणाऱ्या मित्राला चहा द्या आणि विषय बदला. कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. गंजलेली दुनळी दुरुस्त होते. म्हणजे परवाना लागतोच, नूतनीकरण चुकवायचं नाही.

दिरांकडून एक काम मात्र जरूर करून घ्या. अंबड-सातपूरच्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना गंजाचा प्रश्न रोजचा आहे. तयार माल परगावी, परदेशी जातो आणि वाटेत गंजला तर परत येतो. म्हणून तिथे 'आरपी ऑइल' वापरतात, गंज रोखायचं तेल, आणि माल व्हीसीआय कागदात गुंडाळतात. या कागदातून अतिशय सूक्ष्म वाफ निघते आणि ती धातूवर बसून गंज अडवते. एमआयडीसीतल्या मालाच्या दुकानातून दोन्ही थोडं आणायला सांगा. नळ्यांना बाहेरून आणि आतून आरपी तेलाचा पातळ हात, म्हणजे बोट फिरवलं तर ओलसर लागेल पण थेंब ओघळणार नाही इतका. हलणाऱ्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. मग नळ्यांभोवती व्हीसीआय कागद, आणि त्यावर व्हीसीआयचीच पिशवी. साधी प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात आतली ओल कोंडते. डब्ल्यूडी-४० चा फवारा अनेकांना सगळ्या रोगांवर औषध वाटतो. तो पाणी हटवायला बनवलाय आणि ते काम तो छान करतो. पावसात भिजलेली बंदूक त्याने जरूर पुसा. पण त्याचा बराच भाग उडून जातो, मागे राहणाऱ्या पातळ थरावर पावसाळा निघत नाही.

तेल जास्त झालं तर तेही नुकसान करतं. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की जास्तीचं तेल हळूहळू खाली उतरतं आणि दस्त्याच्या गळ्यात, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं, तिथे मुरतं. वर्षानुवर्षांनी ते लाकूड काळं, मऊ, भुसभुशीत होतं. म्हणून तेल लावल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली करून, खाली जुन्या कापडाची घडी घालून ठेवा. दस्त्याला बंदुकीचं तेल नको. त्याला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहाताने चोळले की पुरे. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक सुटे पसरून वाळवून मग टाका.

जागा कुठली? घरातली आतली खोली, जिची भिंत पश्चिमेच्या पावसाला तोंड देत नाही, न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघराला लागून नाही. पत्र्याचं कुलपाचं कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं, जमिनीपासून वर उचललेलं. आत एक छोटं आर्द्रता मापक ठेवा, ते फार महाग नसतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. पन्नासच्या आसपास राहिली तर लोखंडही खूश आणि लाकूडही. फार कोरडंही नको, एप्रिल-मेच्या झळांत दस्ता आकसून तडकतो. सिलिका जेल ठेवायचं तर केशरी दाण्यांचं घ्या. ते ओल भरल्यावर हिरवट पडतं, मग ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. निळ्या दाण्यांच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नकोच. आणि दाराला फटी असतील तर दारालाच आधी रबराची पट्टी लावा, नाहीतर ते दाणे अख्ख्या घराची ओल प्यायला बसतील.

पावसाळ्यात दर अमावास्या-पौर्णिमेला कपाट उघडून, बंदूक बाहेर काढून, तेलाच्या चिंदीने एक हात. एरवी महिन्यातून एकदा. पाच मिनिटांचं काम. हात लागला की घाम लागतो आणि घामात मीठ असतं, म्हणून शेवटचा हात नेहमी चिंदीचा, बोटांचा नाही. डिसेंबर-जानेवारीत मिस्टर कधी पहाटे बागेत बंदूक घेऊन गेलेच, तर परत आल्यावर लगेच कपाटात बंद करू नका. थंडगार लोखंडावर घरातल्या उबदार हवेचं दव जमतं. तासभर कपाटाबाहेर राहू द्या, पुसा, मग आत.

काडतुसांना तेल लावायचं नाही. तेल टोपीतून आत शिरलं की बार उडत नाही. ती वेगळ्या कोरड्या डब्यात, वेगळ्या कुलपात. ज्यांचं पितळ हिरवं पडलंय किंवा कागद फुगलाय ती वापरू नका आणि विहिरीत, उकिरड्यावरही टाकू नका. परवान्यासह बंदुकीच्या दुकानात किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

दुकानात किंवा कारागिराकडे बंदूक न्यायची तेव्हा मिस्टर स्वतः असावेत, सोबत मूळ परवाना. त्यांना जमलंच नाही तर त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी नेता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. ठेवून यावी लागली तर नंबर लिहिलेली पावती घ्या.

विकण्याचं. ताई, हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी, जरा दबक्या आवाजात विचारलाय असं मला वाटलं. माझं मत विचाराल तर ज्या घरात बंदूक वर्षातून एकदाच निघते त्या घरात ती असण्याची गरज फारशी उरलेली नाही. बिबट्या दिसला तर बंदूक नव्हे, वनखात्याला फोन लागतो. तो संरक्षित प्राणी आहे. पण सासूबाईंच्या हयातीत हा विषय काढू नये, असंही माझं मत आहे. तोपर्यंत वर सांगितलेलं केलंत तर बंदूक आहे तशी राहील. पुढे विकायची ठरली तर सोपा मार्ग म्हणजे परवानाधारक शस्त्रविक्रेता. दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकायची तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. परवान्यावरची नोंद कमी करण्याचं काम तुमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात होईल. आणि विकायच्या आधी ती चकाचक करायच्या फंदात पडू नका. जाणकार गिऱ्हाईक जुन्या दुनळीत मूळचा काळा रंग, न फाटलेले स्क्रू आणि स्वच्छ वाचता येणारा नंबर बघतं. घासून पांढऱ्या केलेल्या नळीचा भाव ते तिथेच पाडून मागतं.